चोवीस दोऱ्यांची शिरोरेषा

होळी झाली की माझ्या टेबलावर खाकी, नेव्ही ब्लू आणि मरून कापडाच्या तुकड्यांची चवड साठायला लागते. बाकीच्या जगाला या दिवसांत आंबे आठवत असतील, भिवंडीत कपड्याच्या धंद्याशी संबंध असलेल्या माणसाला शाळा आठवते. जूनमध्ये पोरं वर्गात बसणार, म्हणजे मे महिन्यात शिंप्याच्या मशीनवर कापड हवं, म्हणजे एप्रिलमध्ये ते दुकानात पोचायला हवं, म्हणजे आत्ता, या घटकेला, ते लूमवर चढलेलं हवं. याला आमच्याकडे युनिफॉर्मचा सीझन म्हणतात. ऋतू सहा असतात असं मी शाळेत शिकले होते. हा सातवा नोकरीला लागल्यावर कळला.

यंदाही तुकडे आले. नव्या कापडाला असतो तो कांजीचा वास ऑफिसभर पसरला. मी एक तुकडा उचलला आणि सवयीने आधी त्याची किनार उलटून पाहिली. कापड कुणाचंही असो, मी पोत बघत नाही, रंग बघत नाही, पहिल्यांदा किनार बघते. लग्नानंतर नवऱ्याने हौसेने साडी आणली, तेव्हाही मी पदर सोडून काठच उलटा केला. तो अजून ते मनाला लावून घेतो. त्याला ज्या एका सीझनची गोष्ट मी कधी नीट सांगितली नाही, ती इथे सांगते.

मी ग्राफिक डिझायनर. आमच्या कशेळीत याचा अर्थ अजूनही ‘ती बॅनर करते ती’ असा होतो, आणि तो फारसा चुकीचा नाही. त्या वर्षी मी नुकतीच कोर्स करून धामणकर नाक्याजवळच्या एका छोट्या जाहिरात ऑफिसात लागले होते. आम्ही चौघं, दोन कम्प्युटर आणि एक एसी, जो गारव्यापेक्षा आवाज जास्त करायचा. वाढदिवसाचे फलक, साड्यांचे खोके, बिर्याणीच्या दुकानांची मेन्यूकार्डं, गोडाऊनवाल्यांची कॅलेंडरं. प्रत्येक गिऱ्हाईक शेवटी एकच सूचना करायचं, की लोगो जरा मोठा करा. नाकापेक्षा मोती जड झाला तरी चालेल, पण मोती रस्त्यापलीकडून दिसला पाहिजे. मी मनातल्या मनात त्यांना हसायची. मला अक्षरांतलं सगळं कळतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

सलीमशेठ ऑफिसात आले ते मार्चच्या सुरुवातीला. नारपोलीत त्यांचे चोवीस लूम होते, वडिलांपासूनचे. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरा सदरा, त्यावर खांद्याशी कापसाचे तंतू चिकटलेले. ते झटकायचे आणि पुन्हा चिकटायचे. त्यांनी पिशवीतून एका मुलीचा शाळेचा निळा पिनाफोर काढला आणि आमच्या नाईक सरांच्या टेबलावर उलटा करून ठेवला.

“हा माझ्या मुलीचा ड्रेस,” ते म्हणाले. “कापड माझ्या लूमवरचं हाय. मी हात लावून सांगतो. आता ही आतली किनार वाचा.”

सरांनी वाचली. शिलाईत दुमडलेल्या किनारीवर पिवळ्या दोऱ्याने इंग्रजीत एका मोठ्या कंपनीचं नाव विणलेलं होतं.

“आम्ही विणायचं, नाव त्यांचं. बाप जन्मभर तेच करून गेला. यंदा शाळेच्या सीझनला निम्मं तरी कापड माझ्या नावानं जायला पायजे. त्या कंपनीवाल्यांनी सांगितलंय, चोवीसच्या चोवीस लूम वर्षभर आमच्यासाठी लावा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी दुकानदारांना बोलवलंय अंजूर फाट्याच्या हॉलमध्ये. त्या दिवशी माझ्या नावाचं कापड हातात असलं तर ठीक. न्हायतर कंपनीवाल्यांना हो बोलून टाकणार. परत न्हाय विचारणार मी कुणाला.”

नाव त्यांनी ठरवूनच आणलं होतं. हजेरी. शाळेच्या कापडाला याहून चांगलं नाव मी आजपर्यंत ऐकलेलं नाही. सर म्हणाले, इंग्रजीत लिहू, भारी दिसतं. सलीमशेठ म्हणाले, न्हाय, मराठीत. “दुकानदार मराठी वाचतो, टेलर मराठी-हिंदी वाचतो, घरातली बाई वाचते. इंग्रजी किनार कोण वाचतो? ती नुसती दिसते.”

मी तीन दिवस खपून ‘हजेरी’ काढलं. ‘ह’ला दप्तराच्या पट्ट्याचा बाक दिला, ‘जे’च्या मात्रेची पेन्सिल केली, निळ्यातून आकाशीत जाणारी छटा दिली. खोक्यावर, फलकावर, व्हिजिटिंग कार्डावर ते झकास दिसत होतं. सरांनी पाठ थोपटली. मग सलीमशेठ म्हणाले, “आता हे चाचांना दाखवून या. किनारीचं ते करतात.”

*

नारपोलीत शिरताना आधी आवाज येतो. तो कानाने ऐकायचा नसतोच, पायातून वर चढतो. शेकडो लूम एकाच वेळी खटखटत असतात आणि माणसं त्यात ओठांच्या हालचालीवर आणि बोटांच्या खुणांवर बोलतात. दोन बोटं म्हणजे चहा, मनगट फिरवलं म्हणजे बॉबिन संपली. आणि मधेच वीज जाते. त्या क्षणी जी शांतता होते, तिने मी पहिल्यांदा दचकले होते. आवाजाने नाही, शांततेने. कुठेतरी भांडं पडलेलं ऐकू आलं, कोंबडा आरवला, माणसं बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि उगाच मोठमोठ्याने बोलत राहिली, कारण त्यांना हळू बोलायची सवय उरलेली नव्हती.

चाचांची खोली सलीमशेठच्या कारखान्याला लागूनच होती. चाचा म्हणजे मोहीउद्दीन चाचा. किनारीवर जी नावं विणली जातात, त्यांचे ग्राफ काढणारा माणूस. सत्तरीच्या पुढचे, जाड भिंगांचा चष्मा, मेंदी लावलेली दाढी. कागद इतका नाकाशी धरायचे की वास घेतायत असं वाटावं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. माझा रंगीत प्रिंट त्यांनी बराच वेळ पाहिला.

“बहोत खूबसूरत है, बेटी,” ते म्हणाले. “लेकिन दोरे चौबीसच हैं.”

मला कळेना. मग त्यांनी मला आत नेऊन चालू लूम दाखवला. कापडाच्या कडेला चोवीस पिवळे दोरे वेगळे चाललेले असतात. त्यांच्या डोक्यावर एक छोटं यंत्र असतं, त्यात भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते माळेसारखे फिरतात. पत्त्यात भोक असेल तर तो दोरा वर उचलला जातो आणि कापडावर दिसतो. भोक नसेल तर खाली जातो आणि लपतो. आडवा दोरा एकदा फिरला की एक पत्ता संपला. अक्षराची सगळी उंची या चोवीस दोऱ्यांत. पेन्सिल नाही, छटा नाही, बाक नाही. वर किंवा खाली, एवढंच.

माझा चेहरा पाहून ते हसले. “फोटो नहीं आयेगा. अक्षर आयेगा.”

दोन दिवसांनी त्यांनी ग्राफ दिला. चौकटीच्या कागदावर शिसपेन्सिलीने भरलेली घरं. मी तो खिडकीशी धरला. माझ्या ‘हजेरी’त होतं ते सगळं गेलेलं होतं आणि जे राहिलं होतं, ते मी कधी काढलंच नव्हतं. ‘ह’ची ती अडचणीची गाठ, जिथे भले भले फॉन्ट अडखळतात, ती त्यांनी सात घरांत सोडवली होती. ‘री’ची वेलांटी तीन पायऱ्यांत उतरत होती आणि तरी गोल वाटत होती. इतकी मोकळी, इतकी जागा राखून बसलेली अक्षरं मी कुठल्या पुस्तकात पाहिली नव्हती. कोर्समध्ये आम्हाला अक्षरांच्या आतली मोकळी जागा बघायला शिकवतात. मी ती तेव्हा प्रथम पाहिली.

फक्त एक गोष्ट खटकली. शिरोरेषा. अक्षरांच्या डोक्यावरची ती रेघ दोन घरांच्या जाडीची होती, आणि दर तीन भरलेल्या घरांनंतर एक घर कोरं राहिलं होतं. वरच्या ओळीत एक कोरं, मग थोडं पुढे खालच्या ओळीत एक कोरं. सगळ्या शब्दभर असं.

मला त्यांची दया आली. आता लिहितानाही कानशिलं गरम होतात, पण तेव्हा खरोखरच दया आली. म्हातारे डोळे, भरता भरता घरं सुटली असतील. सांगून त्यांना ओशाळं कशाला करायचं? मी ग्राफ स्कॅन केला, कम्प्युटरवर साफ केला, आणि शिरोरेषेतलं एकेक कोरं घर भरून टाकलं. रेघ अशी सणसणीत सरळ झाली की माझं मलाच बरं वाटलं. फाईल मी पत्ते पाडणाऱ्या मशीनवाल्याकडे पाठवून दिली. चाचांना विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्याकडे म्हणतात. माझा बैल बुधवारी रिकामा झाला. दुकानदार रविवारी येणार होते.

*

बुधवारी सकाळी सलीमशेठचा फोन आला, फक्त “येऊन बघून जा” एवढंच म्हणाले. लूम थांबलेला होता. त्याच्यापाशी विणकर रामबली मान खाली घालून उभा होता. वीतभर कापड विणून झालं होतं आणि त्याच्या कडेला जे होतं, ते वाचता येत नव्हतं. अक्षरांची अंगं जागेवर होती, पण डोक्यावरची रेघ उसवून लोंबत होती. पिवळे दोरे सुटून कापड ताणून धरणाऱ्या काटेरी पट्टीत अडकले होते आणि तुटले होते. बिनडोक्याची तीन अक्षरं एकापुढे एक, एकापुढे एक, वीतभर.

चाचांनी कापड हातात घेतलं. पाहिलं नाही, अंगठा फिरवला. मग मला विचारलं, “रेघ में जो घर छोडे थे, वो किसने भर दिये?”

माझ्याऐवजी सलीमशेठच म्हणाले, “मशीनवाल्याची चूक असेल.” आणि मी तेही खोडलं नाही. ऑफिसात जाते असं सांगून निघाले आणि सरळ घरी आले.

घरी अप्पा ओटीवर बसले होते. आमची शेती होती तिथे आता गोडाऊनं आहेत, अप्पांचं काम म्हणजे भाडेकरूंच्या ट्रकवर नजर ठेवणं. शेतांना आमच्याकडे नावं होती. लांबटी, चिंचेखालची, खारी. आता त्यांना गाळा नंबर आहेत, पाट्या आहेत, त्यातल्या दोन मीच डिझाईन केल्यात. पण अप्पा अजून ड्रायव्हरला ओरडून सांगतात, “गाडी लांबटीत लाव,” आणि कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेले ते ड्रायव्हर बरोबर लांबटीत गाडी लावतात. एवढ्या पत्र्याखाली एक नाव कसं जिवंत राहतं, याचं मला फार नवल वाटतं. तेव्हा मात्र मला कसलंच नवल वाटत नव्हतं.

“त्वांड का उतरलंय गं?” अप्पांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं.

“चुकली हायस ना? मंग जा नि सांग,” ते म्हणाले. “त्याला आपला नाव पायजे हाय. तू मधी तुझा नाव वाचवित बसशील तर कसा व्हायचा?”

गुरुवारी सकाळी मी नारपोलीला गेले आणि चाचांसमोर उभी राहून म्हणाले, “घरं मी भरली. मला वाटलं, तुमच्याकडून चुकून राहिली.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, स्टुलावरची धूळ रुमालाने पुसली. मग दोऱ्याचा एक तुकडा मला दोन्ही हातांनी टेबलावर ताणून धरायला लावला. ताणलेल्या दोऱ्याखाली बोट घालून त्यांनी तो सहज वर उचलला. “ये तेरी रेघ. ऊपरच ऊपर चली, कहीं रुकी नहीं. कुछ भी अटकेगा, उठा के ले जायेगा.” मग शेजारच्या कापडाकडे बोट दाखवलं. “रेघ को थोडी थोडी दूर पे डुबकी मारनी पडती है. नीचे जा के कपडे को पकड के आती है. तब टिकती है.”

इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यांना हा त्रास नाही. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून रेघ सलग जाते. ती किनारीत विणायची तर एकच दोरा शब्दभर हवेत राहतो. म्हणून त्यांनी तिला बुडी मारायला लावली होती. वरच्या दोऱ्याची बुडी आणि खालच्याची बुडी एकाखाली एक येणार नाही असं मोजून, म्हणजे डोळ्याला खळगा दिसू नये. डोळ्याला ती रेघ अखंड वाटते. मी आयुष्यभर शिरोरेषा ओढत आले, पहिलीच्या पाटीपासून. ती टिकवण्यासाठी मधे मधे तोडावी लागते, हे मला ज्याला धड दिसत नव्हतं अशा माणसाने शिकवलं. मी तिथे बसून रडले. चाचा खिडकीबाहेर बघत राहिले, जणू बाहेर काही महत्त्वाचं चाललंय.

*

मशीनवाला म्हणाला, सीझन आहे, सोमवारशिवाय पत्ते मिळणार नाहीत. चाचा म्हणाले, हाताने पाडू. पावणेदोनशे पत्ते, प्रत्येकात चोवीस जागा. त्यांना ग्राफ नाकाशी धरल्याशिवाय दिसत नव्हता आणि मला हातोडी धरता येत नव्हती, म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी ठोकायचं असं ठरलं.

ही जुनी रीत आहे, दोघांनी मिळून पत्ते पाडायची. भोक हवं तिथे ‘पकड’, नको तिथे ‘छोड’. मी त्यांच्या मूळ ग्राफच्या एकेका उभ्या रांगेवर पट्टी ठेवायची आणि म्हणायची, “दो पकड, चार छोड, एक पकड, सात छोड…” त्यांची हातोडी पडायची. टक, टक. पुठ्ठ्याची इवलीशी गोल टिकली खाली पडायची. गुरुवार अख्खा दिवस, शुक्रवारी त्यांची नमाज सोडून अख्खा दिवस. पहिला तासभर मी अक्षर वाचत होते. मग अक्षर नाहीसं झालं आणि फक्त पकड-छोड उरलं, आणि मग कधीतरी त्या पकड-छोडमधून अक्षर परत यायला लागलं, आडवं झोपलेलं, एका बाजूने हळूहळू उजाडणारं. ‘ह’ असा आतून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन मी कधी पाहिला नव्हता. कितीतरी वर्षं ज्या घरासमोरून गेलो, त्या घरात पहिल्यांदा बोलावलं जावं तसं झालं.

शुक्रवारी दुपारी मी एका पत्त्याला म्हणाले, “चार पकड, दो छोड…” आणि हातोडी पडलीच नाही.

“चौथा फिर से देख,” चाचा म्हणाले. ग्राफ माझ्याकडे होता. त्यांचे डोळे पुठ्ठ्यावर होते, तेही धुरकट. मी पाहिलं. माझी पट्टी एक रांग सरकली होती. “इसका पेट यहाँ से मुडता है,” ते म्हणाले, “चौथा खाली चाहिये.”

पावणेदोनशे पत्ते त्यांच्या डोक्यात होते. पाठ केलेले नव्हते. अक्षराचा आकारच असा पक्का होता की कुठल्याही ठिकाणी कापला तरी आतून तोच निघावा. मी त्यांना म्हणाले, “चाचा, तुम्हाला मराठी अक्षरं किती सुंदर येतात.”

ते पुढचा पत्ता लावत होते. “पढने को नहीं आती,” ते म्हणाले. “उर्दू पढता हूँ. ये नहीं, अंग्रेजी भी नहीं. सूरत पहचानता हूँ, नाम नहीं मालूम.” आणि मग जरा संकोचून, “इसमें लिखा क्या है?”

चाळीस वर्षं या माणसाने भिवंडीच्या किनारींवर नावं काढली होती. तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाच्या धोतरावर, वराच्या सुटावर, पोलिसाच्या खाकीवर त्यांची अक्षरं होती, आणि त्यातलं एकही त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फक्त बघितलं होतं. आणि मी वाचू शकते म्हणून मला बघायची गरजच कधी पडली नव्हती.

“हजेरी,” मी म्हणाले.

“हाज़िरी?”

“तीच.”

“अच्छा लफ्ज है.” त्यांनी हातोडी खाली ठेवली. “पहला कौनसा?”

मी त्यांचं बोट धरून ग्राफवर ठेवलं. हा ह. हा जे. हा री. त्यांनी मान हलवली, हातोडी उचलली आणि म्हणाले, “चल. पढ.”

*

शनिवारी सकाळी रामबलीने पत्ते चढवले. लूम सुरू झाला आणि आम्ही तिघं, सलीमशेठ, चाचा आणि मी, कडेला उभे राहिलो. किनार इंच इंच पुढे सरकत होती. आधी पिवळे ठिपके, मग एक काठी, मग तिला पोट. रेघ काटेरी पट्टीखाली शिरली आणि पलीकडून जशीच्या तशी बाहेर आली.

मग रामबलीने अचानक लूम थांबवला. सलीमशेठच्या कपाळाला आठी पडली. रामबली वाकून, मान वाकडी करून किनारीकडे बघत होता.

“हजेरी,” तो म्हणाला. मग आमच्याकडे वळून, “सेठ, ये तो हमको पढने में आ रहा है.”

वीस वर्षं तो लूमवर होता. गावच्या शाळेत पाचवीपर्यंत हिंदी शिकलेला. मैलोगणती कापडावर त्याने नावं विणली होती, सगळी इंग्रजी. त्याने शेजारच्या लूमवाल्याला खूण केली, त्याने त्याच्या शेजारच्याला. चार-पाच जण आले, वाकले, वाचून आपापल्या लूमवर गेले. सीझनच्या ऐन भरात शेठदेखत लूम थांबवायची पद्धत नाही, पण सलीमशेठ त्या दिवशी काही म्हणाले नाहीत.

रविवारी अंजूर फाट्याच्या हॉलमध्ये मी केलेले फलक होते, खोके होते, माझी पेन्सिलवाली मात्रा चार फूट उंच लावलेली होती. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. दुकानदार आले, नाशिकचे, जळगावचे, दोघे सोलापूरचे, आणि सगळ्यांनी तेच केलं जे आता मी करते. टेबलावरचा तागा उचलला, पोत चोळला आणि किनार उलटी केली. त्या मोठ्या कंपनीचा माणूसही आला होता. त्याने कापड बराच वेळ हाताळलं.

“माल चांगला आहे, सलीमशेठ,” तो म्हणाला. “एवढं नाव काढा. सगळा मी घेतो.”

मी तिथून दोन हात अंतरावर उभी होते. सलीमशेठनी तागा त्याच्या हातातून अलगद परत घेतला.

“छापलेलं असतं तर काढलं असतं,” ते म्हणाले. “हे विणलंय. काढायचं तर कापड उसवावं लागेल.”

असं बोलून कुणी रातोरात मोठं होत नाही. त्या सीझनला चोवीसपैकी बारा लूम ‘हजेरी’वर चालले, उरलेले बारा दुसऱ्यांच्या नावांवर. पण ते बारा आजही चालतात. यंदाच्या चवडीत सर्वांत वर त्यांचाच तुकडा आहे.

*

आता मी टॅबवर काम करते. चार शब्द टाइप केले की पडद्यावर वीस लोगो हजर होतात, आणि त्यातले पाच-सहा खरंच बरे असतात. मला त्याचा राग नाही. मीही एके काळी असाच न विचारता रेघा भरणारा कम्प्युटर होते. फक्त कुठलंही अक्षर संपवण्याआधी मी एकदा मनात पकड-छोड म्हणून बघते. कशाला धरलंय आणि काय सोडलंय. ऑफिसातल्या नव्या मुली एकमेकींकडे बघून हसतात, त्यांचं बरोबरच आहे.

त्या सीझनचं शेवटचं जे घडलं, ते जूनमध्ये. मला एका गोष्टीने पोखरलं होतं. युनिफॉर्म शिवताना शिंपी किनार आत दुमडतो, नाहीतर सरळ कापून टाकतो. मी एका शिंप्याच्या दुकानात डोळ्यांनी पाहिलं, फरशीवर पिवळ्या अक्षरांच्या पट्ट्यांचा ढीग आणि त्यावरून फिरणारा झाडू. हे चाचांना सांगायचं धाडस होत नव्हतं.

मग पडघ्याला एका गोडाऊनच्या पाटीचं माप घ्यायला गेले होते. हायवेच्या कडेला बाजार भरला होता. एक म्हातारी टाकळ्याच्या जुड्या मांडून बसली होती, ओल्या, मातीच्या वासाच्या. प्रत्येक जुडी एका निळ्या चिंधीने बांधलेली. मी वाकले. हजेरी. हजेरी. हजेरी. दहा-बारा जुड्या.

“या चिंध्या कुठं मिळाल्या, मावशी?” मी विचारलं.

“पोरगी टेलराकडं जाते कामाला, ती आनते,” ती म्हणाली. “घट बसते. दुसरी तुटतात, ही न्हाय तुटत. भाजी घेतीस का पट्टी?”

मी दोन्ही घेतलं. गाठ पाण्याने फुगून इतकी आवळली होती की सोडवताना नख दुखावलं. त्याच दिवशी जाऊन ती पट्टी मी चाचांच्या हातात दिली, कुठून आली ते सांगितलं, शिंप्याचं आणि झाडूचंही सांगितलं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. पट्टीच्या एका टोकाला अंगठा लावला आणि तो शिरोरेषेवरून हळूहळू पुढे न्यायला लागले, जिथे गाठ होती तिथे थांबून, दाबून, पुन्हा पुढे. रेघ कुठेच तुटलेली नव्हती. मग अंगठा मागे आणून ते एकेका अक्षरावर टेकवत, पहिलीतल्या मुलासारखं मोठ्याने वाचायला लागले.

“ह,” चाचा म्हणाले. “जे. री.”